सू यिनच्या खोलीतले पाहुणे

३ ऑगस्ट

सू यिन,

तुझे पाहुणे काल दुपारी पोचले. दार उघडलं तर दोन मोठ्या पाठपिशव्या दिसल्या, माणसं त्यांच्यामागे होती. शेजारची रोकिया बाहेर कपडे वाळत घालत होती. ती म्हणाली, "अगं बाई, ही पोरं घर पाठीवर घेऊनच फिरतात? यांच्यापेक्षा गोगलगायी बऱ्या, त्यांना निदान बूट तरी नसतात."

इनेसनं तुझी चिठ्ठी दिली. "मा, ही माझ्याबरोबर काम करते. दोघं आठ महिने फिरताहेत. पंधरा दिवस राहतील. सू." बस, एवढंच. मी उलटून पाहिली, मागे कोरी होती.

त्यांना तुझी खोली दिली. बंद वगैरे नव्हती, नुसती लोटलेली होती. चादरी मी परवाच धुतल्या होत्या.

आता कामाची गोष्ट. आपली इमारत पाडणार आहेत. पन्नास वर्षं झाली, आता इथे चाळीस मजले उभे राहतील. आम्हाला रस्त्यापलीकडच्या नव्या इमारतीत घर मिळणार. झोपायची खोली एक हवी की दोन, ते तीस तारखेच्या आत कार्यालयात जाऊन सांगायचं आहे. मला एकटीला एक पुरे. तू कधी येऊन राहणार असशील तर दोन लागतील. हो की नाही तेवढं कळव. या चिठ्ठीएवढं लिहिलंस तरी चालेल.

फोन करत नाही, कारण तू उचलत नाहीस, आणि उचललास तर चौथ्या वाक्याला आपलं वाजतं. आणि तुझे पा गेले तेव्हाचं जे काय आहे ते मी तुला पूर्वीच सांगितलंय. तिला कळवू नको, तिचं नवं काम आहे, असं पांनीच मला बजावलं होतं. त्यात नवीन सांगण्यासारखं काही नाही.

मा

६ ऑगस्ट

सू यिन,

इनेसचा नवरा, हा दुआर्त करतो तरी काय, म्हणून मी विचारलं. तुमच्या पोर्तोत तो फूटपाथांवर दगड बसवतो म्हणे, लहान लहान चौकोनी, एकेक हातानं ठोकून. म्हणूनच हा माणूस शहर बघायला निघाला की खाली बघत चालतो. काल बाजाराच्या वाटेवर मध्येच गुडघ्यांवर बसला. मला वाटलं चक्कर आली. तो गटाराच्या झाकणाची फट बोटानं मोजत होता.

"आंटी, हे कोणी बसवलं?"

"मला काय माहीत? लोकांनी."

"केसभर फट नाही हो. आणि हे एकच नाही, मी सकाळपासून दोनशे झाकणं पाहिली."

इनेस म्हणाली, "लग्नात माझ्याकडेसुद्धा इतकं निरखून पाहिलं नव्हतंस."

दुपारी धो धो पाऊस झाला. तो खाली जाऊन उभा राहिला. पाऊस थांबल्यावर घड्याळ लावून पाहिलं आणि वर येऊन मला सांगितलं, सात मिनिटांत रस्ता कोरडा. जणू मीच पुसला होता. मग म्हणाला, आपल्या दारापासून स्टेशनपर्यंत डोक्यावर छप्पर आहे, एक थेंब अंगावर न घेता माणूस जाऊ शकतो. मी म्हटलं, हो, मग? तो म्हणाला, "मग काय, आंटी? हे कोणीतरी बसून ठरवलं असेल ना, की म्हातारं माणूस भिजायला नको?"

मी यावर कधी विचारच केला नव्हता. तू केला होतास का?

आज सकाळी मोठा रस्ता ओलांडताना मी नेहमीप्रमाणे सिग्नलच्या खांबाला माझं म्हातारपणाचं कार्ड टेकवलं. दोघं विचारायला लागली, हे कशाला? मी सांगितलं, कार्ड टेकवलं की हिरवा दिवा जास्त वेळ राहतो. इनेस रस्त्याच्या मधोमधच थांबली. सगळ्या गाड्या उभ्या होत्या. एकानंही हॉर्न वाजवला नाही. ती हळू आवाजात म्हणाली, "दुआर्त, अख्खं शहर आंटींसाठी थांबलंय." तिचे डोळे भरून आले होते. मी तिला हाताला धरून ओढलं. म्हटलं, अगं थांबलंय, पण जन्मभर नाही थांबणार, चल.

शेवटच्या वर्षी पांना तो रस्ता त्या जादा सेकंदांतसुद्धा पुरत नसे. मधल्या कठड्यापाशी आम्ही उभे राहायचो, पुढच्या दिव्याची वाट बघत. ते मला गाड्यांची नावं सांगायचे. मी ते दुआर्तला सांगितलं नाही.

लिफ्टचं मात्र सांगितलं. "इथली लिफ्ट कधी बंद पडत नाही का?" असं तो विचारत होता. मी म्हटलं, पडायची. आणि पडली की माझा नवरा दुरुस्तीला जायचा. एकतीस वर्षं. पूर्वी लिफ्ट तीन-तीन मजले सोडून थांबायची, आपण सहाव्यावर, म्हणजे पाचव्याला उतरून सामान घेऊन एक जिना चढायचा. प्रत्येक मजल्यावर थांबायला लागली ती त्यांच्या टोळीनं नव्या बसवल्यावर. दुआर्तनं ऐकून घेतलं आणि खाली जाताना लिफ्टच्या दाराला हात लावला, आपण देवळाच्या उंबऱ्याला लावतो तसा. मी दुसरीकडे बघितलं.

इनेस विचारत होती, मी जेवताना बसत का नाही. मी म्हटलं, कॉफीच्या गाळ्यावर तीस वर्षं उभ्यानं खाल्लंय, सवय आहे. ती म्हणाली, "सू यिननं मला हेच बघून यायला सांगितलं होतं. मा अजून उभ्यानंच जेवते का, ते." आणखी काय बघायला सांगितलंस?

मा

९ ऑगस्ट

सू यिन,

आज राष्ट्रीय दिन. सगळ्या मजल्यांच्या कठड्यांना झेंडे लावलेत. विमानं डोक्यावरून गेली तेव्हा दोघं गॅलरीत लहान मुलांसारखी उभी होती. रोकिया म्हणाली, "यांना दरवर्षी बोलवत जा. आपण हल्ली वर बघत नाही, यांच्यामुळे बघणं होतं."

काल एक गंमत झाली. खालच्या फूड सेंटरमध्ये जेवायच्या वेळी ही तोबा गर्दी. मी म्हटलं, तुम्ही टेबल बघा, मी मासळीच्या भाताच्या रांगेत उभी राहते. परत येते तर दोघं टेबलावर नाहीत. दुआर्त हातात टिश्यू पेपरची तीन पाकिटं आणि एक छत्री घेऊन धावतोय, ज्याला त्याला विचारतोय, "तुमचं राहिलं का? तुमचं?" आणि माणसं त्याच्याकडे अशी बघताहेत की जणू तो त्यांची जमीनच उचलून चाललाय. एक बाई थाळी घेऊन आली, आपल्या टेबलावर दुसरं कोणी बसलेलं बघितलं आणि ओरडली, "माझं पाकीट कुठे गेलं? मी जागा धरली होती."

मी तिची माफी मागितली, तिला गार पेय घेऊन दिलं आणि दोघांना समजावलं. खुर्चीवर किंवा टेबलावर पाकीट ठेवलेलं असलं की ती जागा धरलेली. मालक रांगेत असतो. कोणी हलवत नाही, कोणी उचलत नाही.

"कधीच नाही?" दुआर्तनं विचारलं.

"कधीच नाही."

"आणि पाकीट नसलं तर?"

"मग मोकळी. खुशाल बसा."

संध्याकाळी तो वहीत बराच वेळ लिहीत होता. इनेसनं मला वाचून दाखवलं. "या शहरात एक कागदाचं पाकीट पोलिसाचं काम करतं." मी हसले. बऱ्याच दिवसांनी.

ती पहाटे उठते. काल मला म्हणाली, "आंटी, हे सगळं कोण स्वच्छ ठेवतं ते मी आज पाहिलं. बांगलादेशातली मुलं होती. पाच वाजता. मी 'नमस्कार' म्हटलं तर एक घाबरला." मी म्हटलं, होय, त्यांच्याकडे बघायची आम्हाला सवय नाही. तिला शहर आवडलंय, पण डोळे झाकून नाही. तुझी मैत्रीण शोभते.

तुझं उत्तर आलं नाही. यायला एवढ्यात हवंच असं नाही. मी लायब्ररीतून पोर्तोवरची दोन पुस्तकं आणली होती, या पाहुण्यांच्या आधी, बऱ्याच आधी. तुमच्याकडच्या सहा पुलांची नावं मला पाठ आहेत. इनेसला म्हणून दाखवली तर ती म्हणाली, "मी तिथे जन्मले, पण मला चारच येतात."

मा

१२ ऑगस्ट

सू यिन,

काल जे झालं ते लिहू की नको, असा सकाळपासून विचार करतेय.

आपल्या चिनी पंचांगाचा सातवा महिना चालू आहे. मैदानात दरवर्षीसारखा मंडप उभा राहिला, गाणाऱ्या बायका आल्या, ते झगझगीत कपडे, तो ढणढणाट. दोघांना म्हटलं, संध्याकाळी तुम्ही पुढे व्हा, मी धूप लावून येते. मी पोचले तेव्हा साडेसात झाले होते. मागे लोक दाटीवाटीनं उभे. आणि पुढे, अगदी पहिल्या रांगेत, लाल खुर्च्यांवर बरोबर मधोमध दोनच डोकी. आपली.

मी मागूनच हाक मारली, पण त्या आवाजात कुठली ऐकू येणार. तेवढ्यात मंडपाच्या व्यवस्थेतले ते म्हातारे अंकल, तोंडात दात कोरायची काडी असते ते, कमरेवर हात ठेवून दोघांसमोर उभे राहिले.

"काय पोरांनो, आरामात आहात ना?"

"हो अंकल, फार छान," दुआर्त म्हणाला.

"जागा कोणी दिली?"

"कोणी नाही. पाकीट नव्हतं ना. आम्ही सगळ्या खुर्च्या तपासल्या."

अंकलनी काडी बाहेर काढली. "यांना पाकीट लागत नाही बाळा. तू कोणाच्या मांडीवर बसलायस, माहीत आहे?"

मागचे लोक हसायला लागले. मी धापा टाकत पोचले आणि सांगितलं, ही रांग गेलेल्या माणसांची. या महिन्यात ती येतात, बसून गाणी ऐकतात. जिवंत माणसं दुसऱ्या रांगेपासून मागे. दुआर्त विंचू चावल्यासारखा उठला. मग वळून खुर्चीकडे बघून वाकला आणि तिची माफी मागितली. खोटं सांगत नाही, नीट, हात जोडून. लोकांचं हसणं थांबलं. अंकलनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "जा, माफ केलं त्यांनी. माझी आईच आहे ती, फार रागीट नाही."

आम्ही मागे जाऊन उभे राहिलो. इनेस कितीतरी वेळ त्या रांगेकडे बघत होती. म्हणाली, "इतक्या दिवसांत मी इथे एक वीत जागा वाया गेलेली पाहिली नाही. छपरावर बागा, जमिनीखाली दुकानं. आणि सगळ्यांत चांगल्या वीस खुर्च्या तुम्ही त्यांच्यासाठी सोडता." मग विचारलं, "तुमचे मिस्टर येतात का?"

मी म्हटलं, "आले तर पुढे बसणार नाहीत. त्या लिफ्टपाशी उभे राहून तिचा आवाज ऐकत असतील."

ती हसली. मग तिनं विचारलं, वाईट हेतूनं नाही, मला कळत होतं, "आंटी, तुम्ही गेलेल्यांना इतक्या अगत्यानं बोलावता. मग तेव्हा सू यिनला का नाही बोलावलंत?"

स्टेजवरची बाई हसत हसत काहीतरी रडकं गात होती. तिला मी म्हटलं, पांनी नको सांगितलं होतं. ती म्हणाली, "हो, सू यिन तेच म्हणते. तिला तेच सहन होत नाही. वडिलांना मी नको होते, असं म्हणते."

मी घरी आले.

१५ ऑगस्ट

सू यिन,

हे पत्र मी चार वेळा लिहिलं. आधीच्या तिन्हींत मी फार चांगली बाई होते, म्हणून फाडली.

तू असं समजतेस हे मला माहीत नव्हतं. पाच वर्षं मला वाटत होतं, तू माझ्यावर चिडली आहेस. मी ते सोसत होते. तू पांवर रुसली असशील, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

पांनी नको म्हटलं नव्हतं.

ते इस्पितळात एकोणीस दिवस होते. दुसऱ्याच दिवशी त्यांनी विचारलं, "सू यिनला सांगितलंस?" मी म्हटलं, सांगितलं. त्या संध्याकाळी तुझा फोन आला तेव्हा तुला मी म्हटलं, पांना जरा खोकला झालाय, झोपलेत. आठवतं तुला? तू म्हणालीस, मध आणि आलं दे. मी पलंगाच्या शेजारीच उभी होते.

मग ते रोज विचारायचे, ती निघाली का. मी म्हणायचे, रजा मिळाली की निघेल. मग म्हटलं, निघाली. एकदा खोटं बोललं की पुढचं कसं सरळ चालत येतं, ते मी तिथे शिकले. शेवटच्या दुपारी त्यांनी डोळे न उघडता विचारलं, "विमान उतरलं का?" मी म्हटलं, उतरलं, आता टॅक्सीत आहे. ते म्हणाले, "मग लिफ्ट चालू आहे ना बघ." हे त्यांचं शेवटचं बोलणं. ते आणि मी काय बोललो, हे जगात आणखी कोणाला माहीत नाही.

का केलं, असं तू विचारशील. तुला फोन करायचा तर "ये, पा चाललेत" असं म्हणावं लागलं असतं. मी ते म्हटलं असतं तर ते खरं झालं असतं. मी रोज सकाळी फोन हातात घ्यायचे आणि म्हणायचे, आज जरा बरे दिसतात, उद्या बघू. यापेक्षा मोठं कारण माझ्याकडे नाही. मी शोधलं. पुस्तकांतही शोधलं.

तू आलीस तेव्हा खालचा अंत्यविधीचा मंडप उतरवत होते. तू विचारलंस आणि मी म्हटलं, पांचीच तशी इच्छा होती. मेलेल्या माणसावर ढकललं, कारण ते उलट बोलणार नव्हते.

त्यांना तू हवी होतीस, सू यिन. एकोणीस दिवस ते तुझी वाट बघत होते, आणि तू येतेयस या खात्रीत गेले. ही एक गोष्ट तुझी होती आणि मी ती पाच वर्षं दाबून ठेवली. ती परत केल्यावर तुला माझं तोंड बघावंसं वाटणार नाही, हे मला कळतं. तरी ती तुझी आहे.

इनेस आणि दुआर्त परवा निघताहेत, पुढे मलाक्काला. हे पत्र मी इनेसजवळ देणार होते. मग वाटलं, दुसऱ्याच्या पिशवीत कशाला. आपल्या हातानं पोस्टात टाकते.

मा

२० ऑगस्ट

सू यिन,

पाहुणे गेले. रोकियानं त्यांना वाटेत खायला नारळाचा भात बांधून दिला आणि म्हणाली, "पुढच्या वेळी घर जरा लहान आणा." दुआर्तनं जाताना मला विचारलं, "आंटी, एवढ्या शहरात तुम्हाला सगळ्यांत जास्त काय आवडतं?" इतकी वर्षं इथे राहून कोणी विचारलंच नव्हतं.

आज कार्यालयात जायला बसमध्ये बसले तेव्हा वरच्या मजल्यावर पहिल्या काचेपाशी बसले, पर्यटकांसारखी. दोन्ही बाजूंची झाडं रस्त्यावर कमान करून भेटतात, हे मी तोवर पाहिलं नव्हतं. एक एवढासा शाळेचा मुलगा एकटाच चढला, कार्ड टेकवलं, बसला, आपल्या स्टॉपवर उतरला. कोणी त्याच्याकडे बघितलंही नाही. मला वाटलं, काय शहर आहे हे. एवढ्या लाखो अनोळखी माणसांनी मिळून त्या पोराला घरी पोचवलं. आणि मला दोन माणसांची गाठ घालून देता आली नाही, जी एकमेकांची होती.

तुझं उत्तर आलेलं नाही. माझं ते पत्र अजून पोचलंही नसेल. मुदत दहा दिवस आहे, थांबता आलं असतं. पण तू काय लिहितेस ते बघून मग तुझी खोली ठरवायची, हे मला आवडेना. म्हणून आजच गेले.

काउंटरवर एक तरुण मुलगी होती. माझे कागद पाहून म्हणाली, "आंटी, इथे तुमचं एकटीचंच नाव आहे. एका खोलीचं घेता ना? सांभाळायला सोपं पडेल."

"दोन खोल्यांचं लिही."

"दुसरी कोणासाठी?"

"मुलीसाठी."

"इथेच असते का?"

"पोर्तोला असते."

"अच्छा. मग परत येणार आहेत तर. कधीपर्यंत?"

मी म्हटलं, "माहीत नाही. ती माझ्यावर चिडली आहे. तिचं बरोबर आहे."

मुलीनं लिहिणं थांबवलं. म्हणाली, "पण 'या' म्हणून सांगितलंत ना तुम्ही त्यांना?"

मी तिथे उभी राहून आठवायला लागले. तुला लिहिलेलं सगळं. इमारत पाडणार, तीस तारीख, हो की नाही कळव, पांची इच्छा, माझी चूक. पाच वर्षांपूर्वी फोन हातात घेऊन जे म्हटलं नाही, ते या वेळीही कुठेच लिहिलेलं नव्हतं. मागे रांग होती. सगळे थांबले.

"नाही," मी म्हटलं. "तेवढं राहिलं."

"मग आज सांगा की, आंटी," ती म्हणाली, आणि दोन खोल्यांवर खूण करून कागद माझ्याकडे सरकवला. मी सही केली.

कार्यालयाच्या खालीच पोस्ट आहे. तिथल्या बाकावर बसून लिहितेय.

सू यिन, घरी ये.

मा